‘गिली’ म्हणजे शिकारी? छे, तो तर गडी!

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतोय: ‘गिली हा जुन्या स्कॉट्स भाषेतला शब्द, अर्थ शिकारी. हे शिकारी शतकानुशतकं अंगाला पाला बांधून दबा धरत, म्हणून स्नायपरच्या पोशाखाला गिली सूट म्हणतात.’ सोबत झुडपासारखा दिसणारा सैनिक. शेवटचे तीन शब्द सोडले, तर यातलं फारसं काही टिकत नाही.

भाषेचं आधी उरकू. शब्द मुळात गेलिक या स्कॉटलंडमधल्या जुन्या भाषेतला, म्हणजे केल्टिक कुळातला. स्कॉट्स ही इंग्रजीची बहीण. तिने तो उसना घेतला.

अर्थाची गफलत याहून मोठी. गेलिकमध्ये त्याचा अर्थ मुलगा, पोरगा आणि त्यावरून नोकर. आपला ‘गडी’ थेट तसाच. क्रिकेटवाल्यांना पुरावा हवा असेल तर गिलख्रिस्ट आणि गिलेस्पी ही आडनावं बघा: पहिलं ‘ख्रिस्ताचा सेवक’, दुसरं ‘बिशपचा सेवक’. गिली म्हणजे शिकारी असता तर गिलख्रिस्ट ख्रिस्ताचा शिकारी ठरला असता! स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्समधल्या सरदारांच्या दिमतीला असे गिली असत. सरदाराला पाठुंगळी घेऊन ओढा ओलांडणारा एक खास गडी असे. सखल भागातले लोक त्याला ‘ओल्या पायांचा गिली’ म्हणून हिणवत.

शिकारीशी त्याची गाठ घट्ट झाली ती एकोणिसाव्या शतकात. 1852 मध्ये तिथली बाल्मोरल ही जहागीर ब्रिटिश राजघराण्याने विकत घेतली आणि हायलँड्समधली शिकार ही श्रीमंतांची फॅशन झाली. तिथेही कामाची वाटणी ठरलेली. हरणाचा माग काढणारा ‘स्टॉकर’ वेगळा, बार टाकणारा पाहुणा वेगळा, आणि मेलेलं हरीण तट्टावर लादून खाली आणणारा तो गिली. व्हिक्टोरिया राणीचा लाडका जॉन ब्राउन मूळचा असाच गिली.

आता पाल्याचा पोशाख. या नोकरांच्या अंगावर असे ट्वीड, म्हणजे जाडंभरडं लोकरी कापड. डोंगराच्या रंगाशी मिळतंजुळतं कापड प्रत्येक जहागीर आपापलं विणून घेई. पाला-शेवाळ पांघरलेला एक ‘गिली’ आहे खरा, गिली दू, म्हणजे काळ्या केसांचा पोरगा. पण तो हायलँड्समधल्या गेअरलॉख गावच्या लोककथेतला वनदेव, रानात चुकलेल्या मुलीला सांभाळणारा. कथेत पुढे सर हेक्टर मॅकेन्झी आणखी चार जमीनदारांना घेऊन त्याच्यावरच बंदुका रोखून निघतात (आणि हात हलवत परततात). म्हणजे शिकार त्याची होती.

सैन्याशी नातं मात्र खरं. लॉर्ड लोव्हॅट या हायलँड्समधल्या सरदाराने 1900 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धासाठी ‘लोव्हॅट स्काउट्स’ ही पलटण उभी केली, ती हायलँड्समधले स्टॉकर आणि गिली गोळा करूनच. पहिल्या महायुद्धात याच मंडळींतून नेमबाज निघाले, आणि सूटचं नाव त्यांच्याशी जोडलं जातं. अंगावर तेव्हा रंगवलेलं कापड आणि गोणपाटाच्या चिंध्या होत्या.