मावशीच्या कुरडया आणि दहा लाखांची अट

सकाळी इथे ठाण्यात उपवन तलावाला फेरी मारून आले तर सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांचा मेसेज: ‘विजेच्या कारखान्यांना धुराच्या नियमातून सूट. उत्तम निर्णय. बिल वाचेल.’ खाली नऊ अंगठे. नऊ! समोरच्या टॉवरची धूळ घरात येते म्हणून गेल्या महिन्यात महापालिकेत अर्ज देणारे हेच.

माझी मावशी विदर्भात राहते. तिच्या गच्चीवरून थर्मलच्या, म्हणजे कोळशावरच्या वीजकेंद्राच्या, चिमण्या दिसतात. मे महिन्यात ती कुरडयांच्या वाळवणावर जुनी साडी पसरायची. मला वाटायचं, कावळ्यांसाठी. संध्याकाळी साडी झटकली की करडी भुकटी उडायची आणि ती म्हणायची, ‘तोंड फिरव तिकडे.’

हां, राख वेगळी आणि सल्फर डायऑक्साइड वेगळा, माहितीये. राख निदान साडीवर दिसते. हा वायू दिसत नाही, हवेत त्याचे बारीक कण होतात आणि वाऱ्यासोबत शेकडो किलोमीटर जातात. डिसेंबर 2015 मध्ये त्यावर मर्यादा आली. ती पाळायची तर बहुतेक ठिकाणी एफजीडी, म्हणजे धूर धुणारं यंत्र, बसवायला हवं. मुदत दोन वर्षं. मग 2022. मग आणखी पुढे, आमच्या लिफ्टच्या दुरुस्तीसारखं. शेवटी जुलै 2025 मध्ये सुमारे 78 टक्के केंद्रांना या यंत्रातून सूटच दिली. चिमणी ठरलेल्या उंचीची असली की झालं. आपला केर शेजारच्या अंगणात लोटायचा, आणखी काय!

आणि सक्ती कोणाला? दिल्लीच्या राजधानी परिसरापासून किंवा दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून 10 किलोमीटरच्या आत असलेल्यांना. आधीच फार प्रदूषित म्हणून नोंदलेल्या भागांजवळच्यांचं एकेक प्रकरण बघून ठरवणार. बाकीचे मोकळे. वस्ती धरायची 2011 च्या जनगणनेची. त्यात ठाणे 18 लाखांवर, म्हणजे आपण हिशेबात आहोत. मावशीचं गाव हिशेबातच नाही. एसी आपला, साडी तिची.

आपल्या कोळशात गंधक कमी असतं, यंत्र महाग पडतं, बरं, मान्य. पण जाळतो किती तो कोळसा? आणि डहाणूच्या वीजकेंद्रात 2007 पासून समुद्राच्या पाण्यावर चालणारं एफजीडी आहेच की! डहाणू तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होतं. तिथले लोक आणि न्यायमूर्ती धर्माधिकारींचं पर्यावरण प्राधिकरण हटून बसलं म्हणून ते झालं. युनिटमागे 25-30 पैसे वाचणार म्हणे. काका, तुम्ही शनिवारी पार्किंगमध्ये फटाक्यांची माळ लावली होती, ती केवढ्याची होती हो?

जाऊ दे. काका वाईट नाहीत. बाबांना रात्री दोनला हॉस्पिटलात न्यायचं होतं तेव्हा त्यांनीच गाडी काढली होती, चपला न घालता. आणि हे लिहिताना माझाही एसी 24 वर चालू आहे. म्हणून तर जास्त चिडचिड होतेय.

दुपारी मावशीला फोन केला. सूट, एफजीडी, दहा लाख, सगळं तावातावाने सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘कुरडया सरल्या काय गं? औंदा जास्तीच्या करीन. वरून दोन साड्या टाकीन.’