सायकल कुणाच्या नावावर?

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक फोटो फिरत फिरत येतोच, नेदरलँड्समधल्या युट्रेक्ट स्टेशनखालच्या सायकल पार्किंगचा. तीन मजले, १२,५०० सायकलींची जागा, २०१९ मधे पूर्ण झालं, जगातलं सगळ्यात मोठं वगैरे. आणि खाली ठरलेलं वाक्य, "आपल्याकडे असं केलं असतं तर एका रात्रीत सगळ्या सायकली भंगारवाल्याकडे." मग कुणीतरी पुण्यातल्या त्या ॲपवाल्या भाड्याच्या सायकलींचा विषय काढतो, कशी लोकांनी वाट लावली, कुलपं तोडली, सीटा पळवल्या, आपल्या लोकांची लायकीच नाही. आणि शेवटी मला टॅग करून, "तू सांग गं, तिकडे कोणी चोरतं का?"

तर सांगते. चोरतात. भरपूर चोरतात.

मी युट्रेक्टमधे राहते, तो फोटोतला पार्किंग माझ्या रोजच्या वाटेवर आहे, आणि माझ्या ओळखीत असा एकही माणूस नाही, डच नाही की देशी नाही, ज्याची सायकल कधीच गेलेली नाही. इथे सायकलला दोन कुलपं लावतात, एक मागच्या चाकाला कायमचं बसवलेलं गोल कुलूप आणि दुसरी मनगटाएवढी जाड साखळी, जी कशाला तरी बांधायची, खांबाला, रेलिंगला, काहीच नसेल तर शेजारच्या स्टँडला. कितीतरी जणांच्या बाबतीत साखळीची किंमत सायकलीपेक्षा जास्त असते आणि यात कुणाला काही विनोदी वाटत नाही. ज्या देशात लोकसंख्येपेक्षा सायकली जास्त आहेत तिथे चोराला गिऱ्हाईक शोधत हिंडावं लागत नाही हे उघड आहे. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांतून दर वर्षी बारा ते पंधरा हजार सायकली उपसून काढतात, त्या काय स्वतःहून पोहायला गेलेल्या नसतात, शनिवारी रात्री दारू पिऊन येताना लोक ढकलून देतात, काही वाऱ्याने पडतात, काही चोर काम झाल्यावर टाकतात. हे त्या फॉरवर्डमधे नसतं.

माझी पहिली गेली तेव्हा मी फार हळहळले होते, कारण मिरजेत आमच्या घरात सायकल ही आयुष्यात एकदा घ्यायची गोष्ट होती. बाबांची ॲटलस, तिचं दर दिवाळीला ओव्हरऑइलिंग व्हायचं, छर्रे काढून रॉकेलमधे धुवून ग्रीस भरून परत, आणि ती दादाकडे आणि मग माझ्याकडे आली, मधल्या दांडीखालून पाय घालून मी शिकले तिच्यावर. (ॲटलसच्या साहिबाबादच्या कारखान्याला टाळं लागलं ते बरोबर ३ जून २०२० ला, जागतिक सायकल दिनालाच. योगायोग असले काढावेत तर नशिबानेच.) इथे ऑफिसातल्या बाईंना मी सांगितलं की सायकल चोरीला गेली तर त्या म्हणाल्या, अरेरे, मग आता कुठून घेणार? म्हणजे दुःखाचा विषय एका वाक्यात संपला आणि खरेदीचा सुरू झाला. तेव्हा राग आला होता. आता वाटतं सगळा मुद्दा तिथेच आहे.

कारण सायकल गेली की दुसऱ्या दिवशी दुसरी घेता येते. मार्क्टप्लाट्स नावाची जुन्या वस्तूंची साइट आहे, प्रत्येक घरात तिच्यावर काही ना काही विकायला टाकलेलं असतं, तिथे शंभर-दीडशे युरोत बरी चालणारी सायकल मिळते, नवी साधी घ्यायला गेलं तर त्याच्या तिप्पट-चौपट. मी घेतली ती एका आजोबांकडून, बायकोची होती, तिला आता ई-बाइक घेतली म्हणाले. त्यांच्या गॅरेजमधे उभी होती, काळी, उंच, मागे वळलेल्या हँडलची, ज्याला इथे आजीची सायकल म्हणतात आणि जी सहा फुटी पुरुषही बिनधास्त चालवतात, लेडीज सायकल म्हणून कुणी हसत नाही. मी आधी टायर दाबून बघितले, मग मागचं चाक उचलून फिरवलं, रिंग आऊट, म्हणजे वाकडी, नव्हती, चेन दिसलीच नाही कारण ती पूर्ण डब्यात बंद असते, म्हणून तर इथे लोक सूट घालून सायकल मारतात आणि पॅंटला काळं लागत नाही. हाताला ब्रेक नव्हता. पायडल उलटं मारलं की ब्रेक लागतो. आपला पाय मोकळ्या वेळात उलटं पायडल फिरवायच्या सवयीचा, मी गॅरेजच्या दारातच एकदा गचकन थांबले आणि आजोबा समजुतीने मान हलवत राहिले.

मग किल्ल्या. ते गोल कुलूप असं असतं की उघडं असताना किल्ली त्यातून निघतच नाही, लावलं की मगच हातात येते, म्हणजे कुलूप न लावता किल्ली खिशात टाकून निघून जायची सोयच नाही. आजोबांनी दुसरी किल्ली एका पाकिटात ठेवलेली होती, पाकिटावर सायकलीचा फ्रेम नंबर लिहिलेला, सोबत जुनी पावती. इथे जुनी सायकल घेताना बघायचं ते हेच, विकणाऱ्याकडे दोन्ही किल्ल्या आहेत का. एकच असेल आणि माणूस घर न दाखवता स्टेशनबाहेर भेटू म्हणत असेल तर निघायचं. फ्रेम नंबर पोलिसांच्या साइटवर टाकला की चोरीची नोंद आहे का ते फुकट कळतं. आणि चोरीची सायकल विकत घेणाराही इथे गुन्हेगार ठरू शकतो, "मला माहीत नव्हतं" एवढं पुरत नाही, एवढी स्वस्त मिळतेय म्हणजे तुला शंका यायला हवी होती असं कायदाच म्हणतो. ऐंशी-नव्वदच्या दशकात ॲमस्टरडॅमच्या पुलांवर नशेकरी लोक चोरलेली सायकल एका डोसच्या पैशांत विकायचे आणि विद्यार्थी निवांत घ्यायचे, ज्याची चोरीला गेली तोच चार दिवसांनी तिथे दुसऱ्याची घ्यायचा. तेच लोक आज पन्नाशी-साठीत आहेत, हसत हसत सांगतात. संस्कार बिंस्कार काही नाही.

आता ॲपवाल्या सायकलींकडे येऊ, कारण ग्रुपवर वाद त्यावरूनच पेटतो. पुण्यात २०१७ च्या डिसेंबरात विद्यापीठात आणि औंधमधे सुरुवात झाली, मग २०१८ मधे आणखी कंपन्या आल्या, पिवळ्या काय, केशरी काय, आणि वर्ष-दोन वर्षांत सगळं गुंडाळलं. निष्कर्ष: पुणेकर चोर. पण त्याच २०१७ मधे ॲमस्टरडॅम महापालिकेने असल्याच स्टँडशिवायच्या भाड्याच्या सायकली रस्त्यावरून उचलायला लावल्या, कारण त्या कुठेही पडलेल्या असायच्या. आणि त्याच्याही खूप आधी, १९६५ मधे, तिथल्या प्रोव्हो नावाच्या बंडखोर पोरांनी पांढऱ्या रंगाच्या सायकली रस्त्यावर ठेवल्या, कुलूप नाही, कुणीही घ्या, चालवा आणि सोडा. लुड स्किमेलपेनिंक नावाच्या माणसाची ती कल्पना. पोलिसांनी त्या जप्त केल्या, कारण काय तर सायकल बिनकुलपी ठेवणं नियमात बसत नव्हतं! म्हणजे ज्या देशाचे दाखले आपण देतो त्यांचीही पहिली सार्वजनिक सायकल अशीच गोत्यात आली होती.

मग आज इथे काय चालतं? स्टेशनवर निळ्या-पिवळ्या सायकली मिळतात, चार-पाच युरोच्या आसपास भाडं, चोवीस तासांना. ट्रेनचं कार्ड टेकवायचं, सायकल त्या कार्डावर म्हणजे तुमच्या नावावर चढते, परत त्याच स्टेशनवर आणून द्यायची, दुसरीकडे सोडली तर दंडासारखे जादा पैसे. हे वाचताना काही आठवलं का? मला पहिल्यांदा कार्ड टेकवलं तेव्हाच आठवलं होतं, मिरजेतलं आमच्या गल्लीच्या तोंडाचं सायकल मार्ट. तासावर सायकल. काका वहीत नाव लिहायचे, वेळ लिहायचे, आणि नाव काय लिहितात, "जोशी मास्तरांची धाकटी" एवढंच. उशीर झाला की पैसे वाढायचे, मडगार्ड चेपला की संध्याकाळी बाबांना कळायचं. डिपॉझिट नाही, आधार नाही, ओटीपी नाही. आणि सायकली परत यायच्या. त्याच सांगली-मिरजेच्या पोरांकडून परत यायच्या ज्यांना आता लायकी नाही म्हणतात. म्हणजे तुमच्या-माझ्या गावात सायकल उसनी देण्याची आणि परत येण्याची पद्धत व्यवस्थित चालू होती, फक्त ती नावावर चालायची. २०१८ ची ती पिवळी सायकल कुणाची होती? बीजिंगमधल्या एका कंपनीची, जी स्वतःच काही महिन्यांत देश सोडून गेली. मालकालाच तिची पडली नव्हती आणि नावं ठेवली औंधच्या पोरांना.

तोडफोड करणाऱ्यांचं मी समर्थन करत नाहीये, माझा स्वभाव बघता माझी सीट कुणी पळवली तर मी रस्त्यात उभी राहून शिव्या घालेन. पण चोरी होते म्हणून सायकल योजना चालत नाहीत हे कारण इथे राहून मला अजिबात पटत नाही. चोरी गृहीत धरूनच इथलं सगळं उभं आहे. जुनी सायकल स्वस्त आहे, पार्किंगला पहारा आहे आणि पहिले चोवीस तास फुकट आहे, नंबरची नोंद आहे, आणि सगळ्यात मोठं म्हणजे रस्ता आहे. तोही काही डच रक्तातून आलेला नाही. १९७१ मधे इथे रस्त्यांवर एका वर्षात तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेपेक्षा जास्त लहान मुलं होती, तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, "मुलांच्या हत्या थांबवा" अशी चळवळच उभी राहिली, १९७३ मधे तेलाचं संकट आलं आणि रविवारी गाड्या बंद करायची वेळ आली. त्यानंतर कुठे वळण लागलं. ज्या गल्ल्यांत आज पोरं शाळेत एकटी जातात तिथे तेव्हा गाड्या लावलेल्या असायच्या.

आपल्याकडे २००८ च्या राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धांच्या वेळी पुण्यात सायकल ट्रॅक झाले, त्याआधी बीआरटी म्हणजे बसच्या वेगळ्या मार्गांबरोबर झाले. मागच्या दिवाळीत गेले तेव्हा एका ट्रॅकवर दादाची सायकल घेऊन मुद्दाम गेले. आधी पेव्हर ब्लॉक, त्यातले काही उखडलेले, मग डीपीचा डबा बरोबर मधोमध, त्याच्या बाजूने जावं तर टू-व्हीलर लावलेल्या, मग वडापावची गाडी आणि तिचे बाक, मग अचानक दीड वीत उंचीची पायरी आणि ट्रॅक संपला, थेट चौकात. तिथे एक आजोबा मागून स्कूटर घेऊन आले, ट्रॅकवरूनच, आणि मलाच म्हणाले, "अहो ताई, बाजूला घ्या की जरा." आता या ट्रॅकवर सायकल नाही चालवली म्हणून पुणेकर आळशी ठरतात. ऊन आहे, चढ आहे हे मी मान्य करते, मेमधे दुपारी दोनला मीही चालवणार नाही, पण इथे समोरून वारा लागतो ना तेव्हा सपाट रस्ता म्हणजे खंबाटकी घाट होतो, आणि वर तिरका पाऊस. तरी लोक जातात, कारण अंगावर ट्रक येणार नाही याची खात्री असते.

आणि काही गोष्टीत तर आपलं बरं आहे हे कोणी म्हणत नाही म्हणून मीच म्हणते. इथे दुकानात पंक्चर काढायला पंधरा-वीस युरो घेतात आणि वर "गुरुवारी न्या" म्हणतात. चेनचा डबा उघडून मागचं चाक काढायचं म्हणजे इतका व्याप की लोक चाक जागेवरच ठेवून टायरच्या एका बाजूने ट्यूब ओढून काढतात आणि घरच्या घरी ठिगळ लावतात. मी पहिल्यांदा शेजाऱ्याला पाण्याच्या बादलीत ट्यूब बुडवून बुडबुडे शोधताना बघितलं तेव्हा इतकं हसू आलं, हे तर आमच्या बसस्टँडमागच्या पंक्चरवाल्या मामांचं काम, ते दहा मिनिटांत करतात आणि गप्पा फुकट. गल्लोगल्ली पसरलेला तो सगळा कारागीर वर्ग आपल्याकडे अजून आहे. त्याच्या जोरावर जुन्या सायकलींचा बाजार किती सहज उभा राहील, पण महापालिकेला पाहिजे असतं ॲप, उद्घाटन आणि स्पॉन्सर.

उसनी देण्याचं म्हणाल तर ते इथे देशी लोकांतच जास्त चालतं. डच शेजारी प्रेमळ आहेत पण त्यांच्यात सायकल फार मागत नाहीत, प्रत्येकाची असते. आपल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर ऑगस्ट आला की मेसेज सुरू होतात, डेल्फ्टला मुलगा आलाय, कोणाकडे जास्तीची सायकल आहे का. परत जाणारे जाताना सायकल ठेवून जातात, ती एकाकडून दुसऱ्याकडे जात राहते, मधे सहा महिने कुणाच्या बाल्कनीत पावसात भिजते, आणि तिचा मूळ मालक आता बाणेरला टू-बीएचकेमधे आहे हे कुणाला आठवतही नाही. माझी जास्तीची सध्या सांगलीच्या एका पोराकडे आहे. तो मला "काकू" म्हणतो, मी चालवून घेते. परवा त्याचा फोन, "काकू, सायकल जिथे लावली होती तिथे नाहीये." मी म्हटलं आधी पोलिसात जाऊ नकोस, पुढच्या दोन रांगा बघ, मग वरचा मजला बघ, मग नगरपालिकेने उचलून डेपोत नेली का ते ऑनलाइन बघ, चुकीच्या जागी लावली असशील तर तिथे पैसे भरून मिळते. अर्ध्या तासाने मेसेज आला, वरच्या मजल्यावरच होती, आणि हवा कमी आहे, पंप आहे का तुमच्याकडे. शनिवारी ये म्हटलं, आणि येताना ती दुसरी किल्ली घेऊन ये, दोन्ही एकाच कीचेनला लावू नकोस.