पासपोर्टाच्या आधीचा प्रश्न

१४ सप्टेंबर २०२५ च्या रात्री रीगा येथे जर्मनीने तुर्कस्तानचा ८८-८३ असा पराभव करून युरोपातील राष्ट्रीय संघांची बास्केटबॉल स्पर्धा जिंकली, तेव्हा आमच्या ब्राउनश्वाइग शहरात लोकांना झालेला आनंद काहीसा घरगुती होता. संघाचा कर्णधार आणि स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू डेनिस श्रोडर हा याच गावचा मुलगा. त्याची आई गांबियाची, वडील जर्मन. लहानपणी तो इथल्या प्रिन्झेन पार्कमध्ये स्केटबोर्ड चालवत असे आणि तिथेच एका प्रशिक्षकाची नजर त्याच्यावर पडली, ही हकिगत या शहरात कोणीही सांगते. अंतिम सामन्याच्या शेवटच्या मिनिटात जर्मनीला पुढे नेणारे गुण त्यानेच मिळवले. माझी अकरा वर्षांची मुलगी, जी इथल्याच एका क्लबात आठवड्यातून दोनदा सरावाला जाते, त्या रात्री उशिरापर्यंत झोपली नाही.

त्याच सुमारास नागपूरच्या माझ्या शाळेतल्या मैत्रिणींमध्ये एक वाद पेटला होता, आणि तो अजून शमलेला नाही. ऑगस्टमध्ये सौदी अरेबियातील जेद्दा येथे झालेल्या बास्केटबॉलच्या आशिया चषकात भारताचा पुरुष संघ एकही सामना न जिंकता साखळीतूनच परतला होता. जॉर्डनविरुद्धचा सामना जादा वेळेपर्यंत गेला म्हणून काहींनी कौतुक केले, पण बहुतेकींचे म्हणणे असे होते की परदेशात वाढलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंना दार उघडल्याशिवाय आपले काही खरे नाही. सरकारच्या २००८ च्या धोरणानुसार भारताकडून खेळायचे तर भारतीय नागरिकत्वच हवे, परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ओसीआय कार्ड पुरत नाही. टोरांटोत जन्मलेला सिम भुल्लर २०१५ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये खेळणारा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू ठरला, पण तो कॅनडाचा. पुढे फुटबॉलमध्ये रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडून भारताचे घेतले, तेव्हा या वादाला नवी धार आली. त्याच्याही कितीतरी आधी पुणे एफसीकडून खेळणाऱ्या इझुमी अराताने जपानचे नागरिकत्व सोडून भारताचा पोशाख अंगावर चढवला होता, ही आठवण मात्र फार थोड्यांनी काढली.

दुसऱ्या बाजूच्या मैत्रिणींचा सूर असा की परदेशी वाढलेला खेळाडू आणला तर इथल्या मुलाची जागा जाते, आणि जो या मातीत घामाघूम झाला नाही त्याच्या छातीवर तिरंगा कशासाठी. मला दोन्ही बाजूंचे दुःख कळते, कारण माझे स्वतःचे बास्केटबॉल दहावीच्या वर्षी, शिकवणीचे वर्ग सुरू झाले त्या आठवड्यात, संपले. पण युरोपातली ही स्पर्धा पाहिल्यावर मला ठामपणे वाटते की आपण वाद चुकीच्या टोकाकडून घालत आहोत.

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचा नियम असा आहे की वयाच्या सोळाव्या वर्षानंतर ज्याने एखाद्या देशाचा पासपोर्ट मिळवला, असा एकच खेळाडू त्या देशाच्या संघात असू शकतो. युरोपातल्या कित्येक संघांनी ही सोय वापरली. तुर्कस्तानकडे अमेरिकेत जन्मलेला शेन लार्किन होता, पोलंडकडे जॉर्डन लॉइड, आणि जॉर्जियाने बाद फेरीत फ्रान्सला घरी पाठवले त्या सामन्यात कमार बॉल्डविनचा वाटा मोठा होता. आशियात फिलिपिन्सने जस्टिन ब्राउनलीला सामावून घेतले आहे. म्हणजे दार उघडणाऱ्यांना लाभ होतो, हे खरेच. परंतु नऊपैकी नऊ सामने जिंकून विजेता ठरलेल्या जर्मनीच्या संघात अशा प्रकारे आणलेला एकही खेळाडू नव्हता. त्यांची नावे पाहिली तर कोणाचे आईवडील काँगोचे, कोणाचे वडील ब्राझीलचे. पण ती मुले इथल्याच गावांत, इथल्याच शाळांच्या व्यायामशाळांत खेळ शिकली. त्यांना कोणी संघात आणले नाही. ती लहानपणीच आली होती, आणि त्यांना आत घेणारे दार संध्याकाळी उघडे होते.

हे उघडे दार म्हणजे नेमके काय, ते सांगणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण नागपुरातून पाहताना जर्मनीचे यश पैशाचे किंवा उंचीचे वाटते. इथे दुपारी शाळा सुटली की शाळेची व्यायामशाळा बंद होत नाही; नगरपालिका ती संध्याकाळी परिसरातल्या क्लबांना वापरायला देते. या नोंदणीकृत क्लबाला इथे फेराइन म्हणतात. त्याची वर्गणी आमच्यासारख्या कुटुंबाला जाणवणारही नाही इतकी आहे, आणि ज्यांना तीही जड जाते त्यांना सरकारी मदत मिळते. माझ्या मुलीची प्रशिक्षक विद्यापीठात शिकणारी मुलगी आहे; तिने प्रशिक्षकाचा प्राथमिक परवाना काढला आहे आणि तिला मिळणारे मानधन नावापुरतेच आहे. सामन्याच्या दिवशी गुणलेखनाच्या टेबलावर आम्ही पालकच बसतो, दुसऱ्या गावी जायचे तर आमच्याच गाड्या निघतात, आणि केक विकून आलेल्या पैशातून नवे चेंडू येतात. वर्षभर वयोगटांच्या साखळी स्पर्धा चालतात, त्यामुळे अगदी साधारण खेळणाऱ्या मुलीलाही दर हिवाळ्यात कितीतरी खरे सामने मिळतात. यावर २००६ मध्ये एकोणीस वर्षांखालील मुलांची आणि २००९ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांची देशव्यापी लीग उभी राहिली, आणि व्यावसायिक लीगमध्ये सामन्यासाठीच्या बारा खेळाडूंत निदान सहा जर्मन असावेत असा नियम आला. २०२२ मध्ये युरोपीय कांस्य, २०२३ मध्ये मनिला येथे सर्बियाला हरवून विश्वविजेतेपद आणि आता युरोपचे सुवर्ण, ही फळे त्या पेरणीनंतर पंधरा-वीस वर्षांनी हाती आली.

म्हणून जर्मनी निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. याच स्पर्धेत फिनलंडमधील ताम्पेरे येथे लिथुएनियाविरुद्धच्या सामन्यात प्रेक्षकांतून श्रोडरला उद्देशून माकडाचे आवाज काढले गेले. ते प्रेक्षक जर्मन नव्हते, पण २०२४ मध्ये जर्मनीतल्याच एका सार्वजनिक वाहिनीच्या पाहणीत २१ टक्के लोकांनी राष्ट्रीय फुटबॉल संघात गोरे खेळाडू अधिक असावेत असे मत दिले होते. आपला कोण आणि परका कोण हा प्रश्न इथेही मिटलेला नाही. घरी पोळ्या लाटताना हे आकडे ऐकणाऱ्या सावळ्या मुलीच्या आईला तो रोज भेटतो. फरक इतकाच की तो प्रश्न विचारणाऱ्यांचे समाधान होईपर्यंत इथे व्यायामशाळा थांबून राहत नाही.

आणि आपल्याकडे असे काही नव्हते, हेही खरे नाही. मुंबईच्या नागपाड्यात एका दाट वस्तीतल्या मैदानांनी देशाला पिढ्यान्पिढ्या खेळाडू दिले. अर्जुन पुरस्कार मिळवणारे भारताचे कर्णधार अब्बास मुंतसिर तिथलेच. पुण्याच्या शिरीन लिमयेने भारताच्या महिला संघाचे नेतृत्व केले. १९७५ मध्ये बास्केटबॉलच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत आपण चौथे आलो होतो. गल्लीत मैदान, संध्याकाळी मोठ्या मुलांनी लहानांना शिकवणे, आणि खेळून घरी उशिरा येणाऱ्या मुलाला आईने जेवायला वाढणे, ही फेराइनचीच तर रचना आहे. आपण तिला नाव दिले नाही आणि नियमात बसवले नाही. मागच्या दिवाळीत मुलीला घेऊन माझ्या जुन्या मैदानावर गेले, तर फाटकाला कुलूप होते. रखवालदार काका चांगल्या मनाचे होते. त्यांनी अर्धा तास उघडून दिले, पण शाळा सुटल्यावर आत सोडण्याची परवानगी नाही, हेही सांगितले. आत बोर्ड नवा होता, जाळी नवी होती. आम्ही दोघीच खेळलो, आणि कुंपणाबाहेर चार मुले उभी राहून पाहत होती.

ओसीआय खेळाडूंना संधी मिळावी असेच माझे मत आहे, आणि त्यात माझा स्वार्थही आहे, हे लपवत नाही. जर्मनीने २०२४ पासून दुहेरी नागरिकत्व मान्य केले, भारताने केलेले नाही. आम्ही इथले नागरिकत्व घेतले तर मुलीचा भारतीय पासपोर्ट जाईल. तिला निळ्या पोशाखात पाहावे असे मला वाटते, मग ती त्या योग्यतेची होवो वा न होवो. महासंघाच्या नियमाइतकीच मर्यादा घालून, एका जागेपुरती का होईना, भारताने ही वाट मोकळी करावी. मात्र ती वाट जेद्दाच्या पराभवावरचा उपाय म्हणून मागणे मला पटत नाही. जॉर्डनला जादा वेळेत रोखण्यासाठी एक उंच माणूस उपयोगी पडेल. साखळीतले पुढचे दोन सामने खेळायला मात्र बारा जण लागतात, आणि ते बारा जण आज आठ-नऊ वर्षांचे आहेत. मी मैत्रिणींना लिहिले आहे की महापालिकेकडे जाऊन आधी त्या फाटकाची किल्ली संध्याकाळी सहा ते आठ मागू या. नव्या चेंडूंचे पैसे मी इथून पाठवीन, आणि गुणलेखनाच्या टेबलावर कोण बसणार ते त्यांनी ठरवावे. दोघींनी होकार कळवला आहे.