दार वाजवलंत ना, मग उत्तर येईपर्यंत थांबा

हॉटेल, लॉज, होमस्टे चालवणाऱ्या माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींनो, पोस्ट लांब आहे पण तुमच्यासाठीच आहे, पूर्ण वाचा. टकटक केली आणि उत्तर यायच्या आत चावी फिरवली तर त्या टकटकीचा काडीचा उपयोग नाही. आतल्या माणसाला "थांबा" म्हणायला तरी वेळ मिळायला पाहिजे ना?

मागच्या महिन्यात आईला घेऊन कोकणात गेले होते. हॉटेलचं नाव लिहीत नाहीये, कृपया विचारू नका. सकाळची वेळ, आई नुकतीच आंघोळ करून साडी नेसत होती, मी बाल्कनीत ओले कपडे वाळत घालत होते, आणि टक टक खट्ट, दार उघडलं. दोन टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा सरळ आत. आतून कडी लावलेली होती पण तिचे स्क्रूच ढिले, धक्क्यासरशी निघून आली. पोरगा बिचारा आईपेक्षा जास्त घाबरला, टॉवेल तिथेच टाकून पळाला. मॅनेजरला जाऊन भेटले तर म्हणे, "मॅडम, वाजवूनच आत आला ना तो." राहिलेला सगळा मुक्काम आई आंघोळीला जाताना मला दाराला खुर्ची लावून बसवायची. पंच्याहत्तरी ओलांडलेली बाई, कौतुकाने समुद्र बघायला आलेली, आणि तिने सगळा वेळ त्या दाराची काळजी करण्यात घालवला. मला याचा अजून राग येतो.

राग जास्त येतो कारण मी स्वतः मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांत हाऊसकीपिंगमध्ये बरीच वर्षं काढलीत, आधी रूम्स केल्या, मग फ्लोअर सुपरवायझर झाले. आम्हाला पहिल्या आठवड्यात बेड कसा करायचा हे शिकवायच्या आधी दार कसं वाजवायचं हे शिकवलं होतं. बोटाच्या पेराने वाजवायचं, चावीने किंवा कार्डाने नाही. "हाऊसकीपिंग" असं स्पष्ट म्हणायचं. मग एक पाऊल मागे सरून अशा जागी उभं राहायचं की आतून पीपहोलमधून बघणाऱ्याला आपला चेहरा आणि युनिफॉर्म दिसेल. मनात दहापर्यंत मोजायचं. परत वाजवायचं, परत थांबायचं. तेव्हाही उत्तर नाही आलं तर दार जरासं उघडून परत एकदा आवाज द्यायचा, आणि गेस्ट झोपलेला दिसला किंवा बाथरूममध्ये पाणी वाजताना ऐकू आलं तर एक शब्द न बोलता दार ओढून घ्यायचं आणि निघायचं. "सॉरी सर, मला वाटलं तुम्ही बाहेर गेलात" असलं काही तिथे उभं राहून बोलत बसायचं नाही, ते नंतर फोनवर.

आत गेल्यावरचे नियम वेगळे. काम चालू असेपर्यंत दार सताड उघडं आणि ट्रॉली दारात आडवी, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसतं की आत साफसफाई चाललीये. गेस्टचा फोन वाजला तर उचलायचा नाही. बेडवर पडलेले कपडे घडी करून खुर्चीवर ठेवायचे पण कपाट उघडून आत लावायचे नाहीत. जमिनीवर पडलेला कागद, चुरगळलेला का असेना, टेबलावर ठेवायचा, कारण कचरा फक्त तोच जो डस्टबिनमध्ये आहे. अर्धी पाण्याची बाटलीसुद्धा फेकायची नाही, कोणी त्यात औषध विरघळवून ठेवलेलं असतं. आपल्याकडची कुटुंबं टेबलावर छोटा देव मांडतात, गणपती, स्वामींचा फोटो, समोर निरांजन, तर त्या टेबलाची धूळ आजूबाजूने पुसायची, देवाला हात लावायचा नाही. आणि कॉरिडॉरमध्ये कोणी येऊन म्हणालं की "माझं कार्ड आत राहिलंय, जरा उघडून द्या ना" तर उघडायचं नाही, रिसेप्शनला पाठवायचं. यावरून किती शिव्या खाल्ल्यात आम्ही! पण तो खरंच त्या रूमचा गेस्ट आहे की बायकोचा पाठलाग करत आलेला नवरा आहे हे ट्रॉलीवाल्या मुलीला कसं कळणार? म्हणून नाही म्हणजे नाही.

हे सगळं लिहायचं कारण एवढंच की गेस्टची प्रायव्हसी ही काही कॅमेरे, कार्ड, गार्ड यांच्यावर चालत नाही, ती त्या दहा आकड्यांवर चालते. आणि ते दहा आकडे मोजायला माणसाला वेळ लागतो, तो वेळ मालकाने पगार देऊन विकत घ्यावा लागतो. इथेच सगळं अडतं.

मोठ्या हॉटेलात एका शिफ्टला एका माणसाकडे चौदा-पंधरा रूम्स असणं नेहमीचं, म्हणजे एका रूमला जेमतेम अर्धा तास, त्यात बाथरूम घासणं, लिनन बदलणं, बेड, डस्टिंग, व्हॅक्युम, मिनीबार. तिथे निदान सुपरवायझर असते, पॅन्ट्री असते, कुठली रूम रिकामी, कुठल्या रूममध्ये गेस्ट आहे याचा कागद सकाळी हातात मिळतो. छोट्या हॉटेलात काय असतं? एकच मुलगा, तोच सकाळी नाश्ता वाढतो, तोच बॅगा उचलतो, तोच रूम करतो, संध्याकाळी बागेला पाणीही तोच घालतो. दहाला चेकआऊट, बाराला पुढची पार्टी दारात, मे महिना किंवा ख्रिसमस असेल तर खाली गाड्या हॉर्न मारत उभ्या, मालक खालून ओरडतोय "झाली का रे दोनशेतीन?" असा मुलगा दहापर्यंत मोजेल? त्याला कोणी सांगितलेलंच नसतं, आणि सांगितलं असतं तरी जमलं नसतं. त्यामुळे तुमच्या रूममध्ये असा कोणी घुसला तर त्या पोरावर आवाज चढवू नका, मालकाला गाठा. त्याला विचारा की एका माणसाकडे किती रूम्स दिल्यात, शिकवलंय का, आणि आतल्या कडीचे स्क्रू शेवटचे कधी बघितले होते. कार्डाचं कुलूप असेल तर आणखी एक गोष्ट मागता येते, बहुतेक इलेक्ट्रॉनिक कुलपांत कुठलं कार्ड किती वाजता लागलं याची नोंद राहते, ती काढून दाखवा म्हणायचं.

होमस्टेवाल्यांशी थोडं वेगळं बोलायचंय. तिथली काकू दार ढकलून "चहा आणलाय हो" म्हणत आत येते त्यात वाईट हेतू अजिबात नसतो, माया असते, आणि ती माया मला हवीच आहे. पण काकू, तुमच्याच गावात बघा, कोणी कोणाच्या घरी गेलं तर खळ्यातूनच हाक मारतात, "कोण आसा काय घरात?" आणि आतून ओ आल्याशिवाय पडवी चढत नाहीत. तेवढंच करा की आमच्यासाठी. व्हरांड्यातून हाक मारा, चहा जरा निवला तरी चालेल.

आता दाराला लावायच्या त्या डू नॉट डिस्टर्बच्या पाटीबद्दल, कारण गेस्ट लोकांचाही यात मोठा गैरसमज आहे. पाटी लावली म्हणजे चेकआऊटपर्यंत कोणी येणारच नाही असं नसतं. आमच्याकडे दुपारी दोनच्या सुमारास पाटी असलेल्या रूम्सची यादी व्हायची, मग फोन, फोन नाही उचलला तर ड्युटी मॅनेजर आणि सिक्युरिटी दोघं मिळून दार उघडणार, एकटं कोणीही नाही. कारण त्या पाटीमागे कधी शुगर उतरून पडलेला माणूस असतो, कधी बाथरूममध्ये घसरलेल्या आजी असतात, आणि कधी त्याहून वाईट. मुंबईने 26/11 बघितलंय, हॉटेलात कोण काय घेऊन आलंय याकडे त्यानंतर कोणी निवांत बघू शकत नाही. अमेरिकेत 1 ऑक्टोबर 2017 ला लास वेगासमध्ये एका माणसाने हॉटेलच्या 32व्या मजल्यावरून खालच्या संगीत कार्यक्रमातल्या गर्दीवर गोळीबार केला, तो काही दिवस तिथेच राहत होता आणि रूममध्ये बंदुकांचा साठा करत होता. त्यानंतर तिथल्या बऱ्याच हॉटेलांनी नियम बदलले, पाटी असली तरी साधारण 24 तासांत कोणीतरी येऊन बघणार, काहींनी तर त्याहूनही कमी वेळ ठेवला, आणि फ्लोरिडातल्या डिस्नेच्या काही हॉटेलांनी ती पाटीच काढून तिथे फक्त रूममध्ये कोणीतरी आहे एवढंच सांगणारी पाटी आणली. मला स्वतःला ही तपासणी मान्य आहे. अट एकच, ते गेस्टला चेकइनच्या वेळी तोंडाने सांगा. मागून कळलं की माणसाला फसवल्यासारखं वाटतं, आणि बरोबरच वाटतं.

पण दार उघडायचा अधिकार मिळाला म्हणजे आतलं काहीही बघायचा, दाखवायचा अधिकार मिळत नाही. ऑक्टोबर 2022 आठवतोय? टी-ट्वेन्टी वर्ल्ड कप, पर्थ, विराट कोहलीच्या हॉटेल रूममध्ये तो नसताना कोणीतरी शिरून व्हिडिओ काढला, त्याचे बूट, कपडे, सप्लिमेंट्स सगळं दाखवत फिरले आणि इंटरनेटवर टाकला. त्याने तो स्वतः इन्स्टाग्रामवर टाकून विचारलं होतं की माझ्या हॉटेलच्या रूममध्येही मला प्रायव्हसी नसेल तर मी ती अपेक्षित तरी कुठे करायची. हॉटेलने माफी मागितली, संबंधित लोकांना तिथल्या कामावरून दूर केलं. तेव्हा आपल्याकडे कितीतरी लोकांनी लिहिलं की चाहत्याने केलं, प्रेमापोटी केलं, एवढं काय त्यात. मला ते वाचून तेव्हाही संताप आला होता. रूममध्ये जायची परवानगी तुम्हाला कामासाठी मिळालेली असते, तुमच्या हौसेसाठी नाही. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, तर पंधराशे रुपयांच्या लॉजमध्ये राहणाऱ्या नर्सची, एमपीएससीच्या परीक्षेला आलेल्या मुलीची तक्रार कोण ऐकणार?

कायदा आहे, हे माहीत असू द्या. बाईचे खासगी क्षणातले फोटो, व्हिडिओ काढणं किंवा चोरून बघणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे, पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कैद. परवानगीशिवाय कोणाच्या खासगी अवयवांचे फोटो काढणं किंवा पसरवणं यासाठीचं आयटी कायद्याचं कलम 66ई बाई-पुरुष दोघांनाही लागू आहे. आणि 24 ऑगस्ट 2017 ला सुप्रीम कोर्टाच्या 9 न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे.

मूलभूत हक्क म्हटल्यावर मला ऑगस्ट 2015 आठवतो. मुंबईतल्या मढ आयलंड आणि अक्साच्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले, बंद रूममधून जोडप्यांना बाहेर काढलं, सज्ञान माणसं, रीतसर ओळखपत्र देऊन राहिलेली, आणि कलम लावलं ते सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाचं. बंद दाराआडची रूम सार्वजनिक ठिकाण कशी काय हो? काही मुलींना घरी फोन करायला लावले. पुढे 2019 मध्ये मद्रास हायकोर्टाने स्पष्ट म्हटलं की लग्न न झालेल्या सज्ञान जोडप्याने हॉटेलच्या रूममध्ये राहणं हा गुन्हा नाही. तरी आजही रिसेप्शनवरचा माणूस मुलीकडे वरपासून खालपर्यंत बघतो आणि रूम बॉयला डोळा मारतो. तो डोळा मारणं थांबवणं हे मॅनेजरचं काम आहे.

आता दुसरी बाजू, आणि ही मी सोडणार नाही. प्रायव्हसी गेस्टची असते तशी इज्जत काम करणाऱ्याची असते. टॉवेल गुंडाळून दार उघडणारे, मुद्दाम टॉवेलही न गुंडाळता उघडणारे, "ये ना आत, बस" म्हणणारे गेस्ट आमच्यातल्या प्रत्येक मुलीने बघितलेत, प्रत्येकीने. म्हणून ट्रॉली दारात आडवी आणि दार उघडं, तो नियम जितका गेस्टसाठी तितकाच आमच्यासाठी. शिकागो शहराने 2017 मध्ये रूममध्ये एकट्याने काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना पॅनिक बटण देणं हॉटेलांना सक्तीचं केलं. आपल्याकडे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा सांगतो की कामाच्या ठिकाणी येणाऱ्या बाहेरच्या माणसापासूनही बाईचं संरक्षण करणं ही मालकाची जबाबदारी आहे, म्हणजे गेस्टसुद्धा त्यात आला. किती हॉटेलं हे मुलींना सांगतात? "गेस्ट आहे, दुर्लक्ष कर" हेच ऐकवलं जातं, आणि ऐकवणारी बऱ्याचदा बाईच असते.

गेस्ट म्हणून तुम्ही करायच्या गोष्टी फार नाहीत. चेकइन करतानाच सांगून टाका की रूम किती वाजता करून हवी, सकाळी दहाला बाहेर पडणार असाल तर तसं सांगा, हाऊसकीपिंगवाल्यांना याने इतकी मदत होते की तुम्हाला कल्पना नाही. रोज चादर बदलायला नको असेल तर तेही सांगा. टकटक ऐकू आली की गप्प बसू नका, "आहे आत, नंतर या" असं मोठ्याने म्हणा, आपले लोक संकोचाने गप्प बसतात आणि मग दार उघडतं. मौल्यवान वस्तू सेफमध्ये ठेवा, म्हणजे काही हरवलं की पहिला संशय त्या गरिबावर जात नाही. आणि टीप ठेवायची असेल तर उशीखाली किंवा टेबलावर नुसती नोट ठेवून जाऊ नका. मुक्काम चालू असताना रूममधल्या सुट्ट्या पैशाला हात लावायचा नाही ही आमची पहिल्या दिवसाची शिकवण, त्यामुळे ती नोट तशीच पडून राहते आणि तुम्ही मनात म्हणता की यांना नको असेल. सोबत कागदावर दोन शब्द लिहा, "रूम करणाऱ्यांसाठी", आणि रोजची रोज ठेवा, कारण शेवटच्या दिवशी ड्युटीवर कोणी भलतंच असू शकतं.