आधी ती कापराची पुरचुंडी पेटीतून काढा

इंदुरातल्या मराठी घरांच्या ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतोय : 'बाळ हॉस्पिटलात असेल तर या सहा गोष्टी करा, इन्फेक्शन जवळ येणार नाही.' कापूर, लवंग आणि ओव्याची पुरचुंडी बाळाच्या पेटीत, म्हणजे इनक्युबेटरमध्ये ठेवा. सॅनिटायझर विषारी असतो, हातमोजे घातल्याशिवाय कुणाला बाळाला हात लावू देऊ नका. आईला आत सोडू नका. पहिल्या दिवसापासून 'भारी' अँटिबायोटिक मागा. वॉर्डात रोज फॉर्मलिनची (जंतू मारायच्या उग्र रसायनाची) धुरी करायला लावा. नाळेला हळद-तेल लावा. परवा हा संदेश आमच्या रामबागेतल्या आत्याकडे पोचला. तिची नात ३२ आठवड्यांची जन्मलीय, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे, आणि आत्याने सियागंजातून भीमसेनी कापूर मागवलासुद्धा.

म्हणून पहिलं पुरचुंडीचं. कापूर उघडा राहिला की उडून जातो, म्हणून तर आपण डबीत मिरी टाकून झाकण घट्ट लावतो. इनक्युबेटर ही बंद, आतून तापवलेली पेटी असते, आणि फार लवकर जन्मलेल्या बाळासाठी तिच्यात ओलावाही मुद्दाम वाढवलेला असतो. तिथे कापूर भराभर उडणार आणि वाफ आत कोंडणार. कापूर नाकातून, तोंडातून आणि कातडीतूनही अंगात जातो, आणि मेंदूवर परिणाम करून झटके आणतो. ५०० मिलिग्रॅम ते १ ग्रॅम कापूर पोटात गेल्याने लहान मुलं दगावल्याच्या नोंदी आहेत, आणि इथे तर दीड-दोन किलोचं बाळ आहे. शिवाय कापूर पेट घेतो आणि पेटीत अनेकदा ऑक्सिजन चालू असतो. लवंग-ओवा दुकानातल्या पोत्यातून येतात, त्यांच्यावर बुरशीचे बीजाणू असतात. दमट आणि उबदार जागी ओलसर फडक्यात बांधून ठेवल्यावर त्यांना आणखी काय हवं? 'आमच्या लहानपणी छातीला कापूर-तेल चोळायचे' असं कुणी म्हणेल. तेव्हाही ते तान्ह्या बाळाला चोळणं चूकच होतं.

मोज्यांचा मुद्दा मात्र त्याहून घातक आहे, कारण तो शहाणपणाचा वाटतो. एनआयसीयूतले जंतू बहुतेक वेळा हवेतून येत नाहीत, ते हातावरून येतात. एक दृश्य डोळ्यांसमोर आणा : सिस्टरने मोज्यांची एक जोडी चढवली, पेटीची खिडकी उघडली, मॉनिटरचा अलार्म बंद केला, लंगोट बदलला आणि त्याच हाताने सलाईनच्या नळीचं तोंड धरलं. हात कोरा असता तर ओलं-चिकट लागलं असतं आणि ती धुवायला वळली असती. मोज्यातल्या हाताला ते कळतच नाही. मोज्यांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असू शकतात, काढताना बाहेरची बाजू मनगटाला लागते, आणि आत घामेजलेल्या हातावर जंतू वाढतात. म्हणून मोजे घालण्याआधी आणि काढल्यानंतर, दोन्ही वेळा हात स्वच्छ करायचे. मोज्यांवर सॅनिटायझर चोळून तीच जोडी पुढच्या बाळाला वापरायची नाही. अगदी कमी वजनाच्या बाळांसाठी हात निर्जंतुक करून वरून मोजे घालण्याचा थोडा फायदा एका चाचणीत दिसला होता, हे खरं. पण तिथेही हात आधी, मोजे नंतर.

सॅनिटायझर विषारी, यात अर्धं सत्य आहे, तेवढं मान्य करू. ओल्या अल्कोहोलने अपुऱ्या दिवसांच्या बाळाची कातडी भाजू शकते, आणि ओलेच हात पेटीत घातले तर त्याची वाफ आत जाते. यावर उपाय सॅनिटायझर टाळणं हा नाही, तो पूर्ण वाळू देणं हा आहे. वापरताना तळवा भरेल एवढं घ्या आणि २० ते ३० सेकंद, हात कोरडे होईपर्यंत चोळा. हमखास राहतात ते अंगठे आणि बोटांची टोकं. लंगोट बदलल्यावर किंवा हात मळलेले दिसत असतील तर साबण-पाणीच हवं, सगळं मिळून ४० ते ६० सेकंद. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढायचं, आणि मनगटावरचा कलावासुद्धा. हात धुतल्यावर हात सुकतो, धागा तासभर ओला राहतो. देवाचा धागा कापवत नसेल तर घरी सोडून ठेवा आणि बाळ घरी आल्यावर पुन्हा बांधा.

आईला आत सोडू नका, हे वाचून खरोखर संताप येतो. १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांवर भारतासह पाच देशांत झालेली चाचणी २०२१ साली प्रसिद्ध झाली. आपल्याकडचं दिल्लीचं सफदरजंग हॉस्पिटल तिच्यात होतं. जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलेल्या बाळांपैकी २८ दिवसांत १२ टक्के दगावली, तर नेहमीच्या पद्धतीने आधी आईपासून वेगळं ठेवलेल्यांपैकी १५.७ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मध्येच थांबवावी लागली. संसर्गाची शंका यावी अशी बाळंही आईजवळच्या गटात कमी होती. आईच्या अंगावरचे जंतू बाळाच्या ओळखीचे असतात, तिच्या दुधात त्यांच्याविरुद्धची प्रतिकारशक्ती असते. वॉर्डातले जंतू बाळाला परके आणि अनेकदा औषधांना न जुमानणारे असतात. आईने आंघोळ करावी, पुढून उघडणारा धुतलेला गाऊन घालावा, नखं कापावीत. तिला सर्दी-ताप असेल तर डॉक्टरांना सांगावं. बास.

अँटिबायोटिकचं उत्तर दिल्लीतच आहे. तिथल्या तीन मोठ्या हॉस्पिटलांतल्या १३,५३० नवजात बाळांचा अभ्यास २०१६ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात आला. १४.३ टक्के बाळांना सेप्सिस, म्हणजे अंगभर पसरणारा गंभीर संसर्ग, झाला होता. सगळ्यांत जास्त आढळलेला जंतू असिनेटोबॅक्टर होता, आणि त्याचे ८२ टक्के नमुने अनेक औषधांना दाद न देणारे होते. म्हणजे 'हॉस्पिटलातच इन्फेक्शन होतं' ही भीती निराधार नाही. पण विनाकारण दिलेलं प्रत्येक भारी अँटिबायोटिक साधे जंतू मारून नेमक्या याच जंतूंना जागा मोकळी करून देतं. शंका असेल तर डॉक्टर आधी रक्ताचं कल्चर (रक्तात जंतू वाढतात का ही तपासणी) घेतील आणि मग औषध सुरू करतील. कल्चर स्वच्छ आलं की औषध थांबवण्याविषयी विचारणं हा तुमचा हक्क आहे.

धुरीबद्दल थोडक्यात. फॉर्मलिनने डोळे-नाक चुरचुरतं, कॅन्सरही होऊ शकतो, आणि बाळं आत असताना तो वापरताच येत नाही. वाळलेल्या दुधाच्या किंवा रक्ताच्या थराखाली धुरी पोचत नाही. तो थर साबणाच्या पाण्याने पुसूनच निघतो, त्यानंतर हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचचं पाणी. नाळ कोरडी ठेवायची, उघडी ठेवायची, लंगोट तिच्याखाली दुमडायचा. हळद, तेल, राख काही नको.

सिस्टरला विचारायचंच असेल तर दोन गोष्टी विचारा. एक, नळी साफ करायला सलाईनची मोठी बाटली सुई खोचून दिवसभर लटकवून ठेवली आहे का? सलाईनमध्ये जंतू मारणारं काही नसतं. सुईतून एक जंतू आत गेला की त्याच बाटलीतून सहा बाळांच्या रक्तात जातो. प्रत्येक बाळाला, प्रत्येक वेळी नवी छोटी कुपी हवी, आणि नळीचं तोंड अल्कोहोलच्या बोळ्याने १५ सेकंद घासून वाळू दिलेलं हवं. दोन, बेसिनजवळची साबणाची बाटली अर्धी झाली की वरूनच भरतात, की रिकामी करून धुऊन, सुकवून मग भरतात? वरून भरत असतील तर त्या साबणातच जंतू वाढतात, आणि धुतलेल्या प्रत्येक हातावरून ते पेटीत जातात.