ओम्स्कचा अपघात म्हणे एका डुलकीने झाला

व्हॉट्सॲपवर एक मेसेज दर काही महिन्यांनी फिरून येतो. विषय: ११ ऑक्टोबर १९८४, सोव्हिएत युनियनमधल्या ओम्स्क विमानतळावरचा अपघात. त्याचं सार असं की खटारा रशियन विमान, बेफिकीर वैमानिक, त्यात विमानांना उतरायची परवानगी देणाऱ्या टॉवरमधला कंट्रोलर झोपला. एका माणसाच्या डुलकीने १७८ माणसं गेली, एकही वाचलं नाही आणि सरकारने सगळं दाबून टाकलं.

१७८ हा आकडा बरोबर आहे. बाकीच्याची जरा झाडाझडती घेऊ.

विमान होतं टीयू-१५४, क्रास्नोदारहून ओम्स्कमार्गे नोवोसिबिर्स्कला निघालेलं. त्यात कसलाही बिघाड नव्हता. चाकं व्यवस्थित टेकली, पण पुढे धावपट्टीवर गाड्या उभ्या होत्या. नवंकोरं बोइंग असतं तरी तेच झालं असतं.

वैमानिकांना बेफिकीर म्हणणं तर सरळ अन्याय आहे. पहाटेची वेळ, रिमझिम पाऊस, ढग खाली उतरलेले. धावपट्टी मोकळी आहे ना, हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं आणि प्रत्येक वेळी 'मोकळी आहे' असंच उत्तर मिळालं. गाड्या दिसल्यावर त्यांनी विमान वळवायचा प्रयत्नही केला, पण तेवढं अंतरच उरलं नव्हतं.

आता ती डुलकी. कंट्रोलर झोपला होता, यात वाद नाही. घरी दोन लहान मुलं, कित्येक दिवसांची झोप थकलेली. पण झोपण्याआधी त्याने धावपट्टी वाळवायला गाड्या सोडल्या होत्या आणि 'धावपट्टी व्यस्त' हा दिवा लावायला तो विसरला होता. उतरणाऱ्या विमानांशी बोलणारा कंट्रोलर दुसराच. त्याने याला विचारून पाहिलं, धड उत्तर आलं नाही. मग त्याने दिव्याकडे पाहिलं. दिवा विझलेला, म्हणजे रस्ता मोकळा! उत्तर न येणं हीच खरं तर धोक्याची खूण होती. तिचा अर्थ होकार असा लावला गेला. आणि ज्या दिव्यावर सगळी भिस्त, तो लागणार होता एका पेंगुळलेल्या माणसाच्या लक्षात राहिलं तरच.

गाड्यांकडेही बघा. गरम हवेचे झोत सोडून धावपट्टी वाळवणारे ट्रक, टाक्यांत टनावारी इंधन. टपावर लुकलुकणारे दिवे होते, पण डोळ्यांवर येतात म्हणून कामगारांनी ते बंद ठेवले होते. ते चालू असते तर वैमानिकांना गाड्या कितीतरी आधी दिसल्या असत्या. धडक बसल्यावर आग भडकायला ते इंधन पुरेसं होतं. त्या कामगारांपैकी चौघेही गेले. शिक्षाही एकट्या झोपलेल्याला झाली नाही. विमानतळावरच्या इतरांनाही धरून १२ ते १५ वर्षांच्या कैदा ठोठावल्या गेल्या. झोपलेल्या कंट्रोलरने पुढे तुरुंगात आत्महत्या केली. मेसेज लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसावं.

'दाबून टाकलं' हे मात्र बव्हंशी खरं. देशातल्या लोकांना तपशील कळायला कित्येक वर्षं गेली. फक्त, दाबलं म्हणजे चौकशीच झाली नाही असं नव्हे. चौकशी झाली, खटला चालला, लोकांपर्यंत काही पोचू दिलं नाही एवढंच.

राहता राहिलं 'एकही वाचलं नाही'. विमानात १७९ जण होते, त्यातले १७४ गेले आणि पाच वाचले; धावपट्टीवरचे ते चार कामगार धरून १७८. चार कर्मचारी आणि एक प्रवासी.