पोर्ट बदललं, एकच की टाकली, म्हणजे सर्व्हर सुरक्षित?

सिस्टिम अ‍ॅडमिन मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय: "पोर्ट 22 बदला, पासवर्ड बंद करा, एकच एसएसएच की सगळ्या सर्व्हरवर टाका, मधल्या सर्व्हरवरून पुढे जायला एजंट फॉरवर्डिंग चालू ठेवा. मग निवांत झोपा." यातला पासवर्ड बंद करायचा सल्ला अगदी बरोबर. बाकीचा नवख्या मुलांना गोत्यात आणणारा आहे, म्हणून हे लिहितोय. एसएसएच म्हणजे दुरून सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करायची पद्धत, आणि पोर्ट 22 हे तिचं नेहमीचं दार. की म्हणजे पासवर्डऐवजी वापरायची जोडी: प्रायव्हेट की आपल्याकडे, पब्लिक की सर्व्हरवर.

पोर्ट 2222 वर नेलं की लॉगमधला कचरा कमी होतो, इतकंच. उरलेली पोर्ट तपासणं उघडी दारं शोधणाऱ्या स्कॅनरला जड नाही, आणि जोडणी होताच ओपनएसएसएच (सर्व्हरवरचं एसएसएचचं सॉफ्टवेअर) आपली आवृत्ती स्वतःच सांगतं.

खरा घात एकाच कीने होतो. आमच्याकडे एक सहकारी नोकरी सोडून गेला, तेव्हा मी ऑथराइज्ड कीजची फाइल, म्हणजे कोणत्या कीला आत येऊ द्यायचं त्याची सर्व्हरवरची यादी, उघडली. साठ सर्व्हर, सगळीकडे तीच एक ओळ, शेवटी नुसतं "ॲडमिन" लिहिलेलं. त्या ओळीची प्रायव्हेट की पाच जणांच्या लॅपटॉपवर होती, शिवाय रात्रीच्या बॅकअपच्या स्क्रिप्टमध्येही. ओळ काढावी तर बॅकअप बंद, ठेवावी तर गेलेल्या माणसाला दार उघडं. लॉगमध्ये सगळ्यांचा फिंगरप्रिंट (कीची ओळखखूण) एकच, त्यामुळे आधी कोण कधी आत आलं होतं हेही कळेना. प्रत्येकाची वेगळी की लावायला तीन रात्री गेल्या.

सर्व्हर वाढले की या फाइली हाताने सांभाळूच नका. ओपनएसएसएचमध्ये 2010 पासून, म्हणजे 5.4 आवृत्तीपासून, सर्टिफिकेटची सोय आहे. सर्व्हरवर फक्त सीएची, म्हणजे सर्टिफिकेटवर सही करणाऱ्या आपल्या यंत्रणेची, पब्लिक की ठेवायची आणि माणसाला त्याच्या नावाचं, आठ तासांचं सर्टिफिकेट द्यायचं. मुदत संपली की ते आपोआप बाद होतं, आणि लॉगमध्ये नाव दिसतं. सीएची प्रायव्हेट की मात्र जिवापाड जपायची.

राहिलं एजंट फॉरवर्डिंग. एजंट म्हणजे लॅपटॉपवर तुमची की हाताळणारा प्रोग्राम; फॉरवर्डिंग म्हणजे तो मधल्या सर्व्हरवरूनही वापरू देणं. मधल्या सर्व्हरवर ज्याच्या हाती रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेलं खातं, आहे, तो तुम्ही जोडलेले असेपर्यंत तुमचा एजंट वापरून पुढच्या सर्व्हरवर शिरू शकतो. 2019 मध्ये मॅट्रिक्स डॉट ऑर्ग या चॅट सेवेवर हल्लेखोर जेन्किन्समधून (सॉफ्टवेअर आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरमधून) आत आले आणि फॉरवर्ड केलेल्या एजंटच्या आधारानेच पुढच्या मशीनपर्यंत पोचले. 2016 च्या 7.3 आवृत्तीपासून प्रॉक्सीजंप आहे: मधला सर्व्हर फक्त वाट देतो, तुमचा एजंट तुमच्या लॅपटॉपवरच राहतो. एसएसएचच्या कमांडमध्ये एजंट फॉरवर्डिंगसाठी मोठा ए (-A) लिहायची सवय आजच मोडा, त्या जागी प्रॉक्सीजंपचा मोठा जे (-J) लिहा.